एक झाड, एक खोड

जगन्नाथकाकांनी आयुष्यात झाडाबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं. लोक त्यांना विचारत. श्रीवर्धनला त्यांची सव्वा एकराची पोफळीची वाडी होती, आणि आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं सकाळी चहाच्या आधी त्यांच्या बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, येऊन उभी राहत. कुणाच्या झावळ्या पिवळ्या पडलेल्या असत, कुणाची सुपारी कच्चीच गळत असे. काका वहाणा सरकवून निघत, झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसत, चिमूटभर माती बोटांत चोळत आणि निकाल देत. त्या निकालावर अपील नसे.

हे ज्ञान त्यांना वडिलांकडून आलं होतं, वडिलांना आजोबांकडून. वडिलांचं एक वाक्य त्यांच्या कानांत पक्कं बसलं होतं: एक झाड, एक खोड. पोफळीच्या बुंध्याशी दुसरं काही उगवू द्यायचं नाही. गवत असो, गळलेल्या सुपारीतून फुटलेलं रोप असो, की शेजारच्या केळीनं जमिनीखालून चोरून पाठवलेलं पिल्लू असो. दिसलं की काढायचं. बुंध्याशी आलेलं प्रत्येक हिरवं पान थोरल्या झाडाच्या ताटातलं जेवतं. "त्यात विचारायचं काय?" असं वडील म्हणत, आणि पुढे काकाही तसंच म्हणायला लागले.

२००३ च्या मे महिन्यात सुमित्राकाकू गेल्या. वाडी पुतण्याच्या हवाली करून काका मुलाकडे, केदारकडे, अमेरिकेत राहायला आले. केदार मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरी नावाच्या गावात राहत होता. गाव देखणं होतं, रस्ते स्वच्छ होते, शेजारीपाजारी निम्मे आपलेच होते. पण सत्तर वर्षं राबलेल्या हातांना तिथं काही करायला नव्हतं. गवत कापायला यंत्र होतं, भांड्यांना यंत्र होतं, पानं गोळा करायला माणूस येत असे.

पहिल्या हिवाळ्यात काकांची नजर सुनेच्या मनीप्लँटवर पडली. शैलजानं तीन वर्षं जपून तो खिडकीभर पसरवला होता. एके दिवशी ती ऑफिसातून घरी आली तर कुंडीत एकच वेल ताठ उभा होता, काठीला नीट बांधलेला. बाकीचे सगळे कचऱ्यात. काकांनी सांगितलं, फार गर्दी झाली होती, आता जोर धरेल. शैलजा चप्पल न काढता तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मला एकदा विचाराल का?" काकांना या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. त्यात विचारायचं काय?

राधिका त्यांना भेटली ती पुढच्या वर्षीच्या गणपतीत. शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन मंडळानं गणपती बसवला होता, आणि पूजेला बसल्यावर कळलं की सुपाऱ्या नाहीत. भारतीय दुकानातून आणलेल्या पाकिटात कातरलेली बडीशेपवाली सुपारी निघाली. भटजी, जे एरवी बँकेत संगणकाचं काम करत, हताशपणे ते पाकीट न्याहाळत होते. काका उठले, कोटाच्या आतल्या खिशातून कापडी पिशवी काढली आणि अस्सल श्रीवर्धनी रोठा जातीच्या पाच सुपाऱ्या ओंजळीनं पाटावर ठेवल्या. सगळ्या हॉलनं सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हा पाठीमागून एक मुलगी म्हणाली, "काका, आमच्या ग्लासहाऊसमध्ये या ना एकदा. तुमच्या सुपारीची बहीण आहे तिथं."

राधिका नागपूरची. तिथं शेतकीची पदवी घेऊन वूस्टरच्या एका कॉलेजात मास्टर्स करायला आली होती. बोलायला मोकळी, खायला भुकेली, आणि दर शुक्रवारी कुणी ना कुणी तिला जेवायला बोलावत असे. त्या वर्षापासून शुक्रवार केदारच्या घराचा झाला.

कॉलेजच्या काचघरात काका पहिल्यांदा गेले तो दिवस होता २३ ऑक्टोबर २००४, शनिवार. बाहेर थंडी कानांना झोंबत होती. राधिकानं जाड दार ढकललं आणि आतून उबदार, ओला, मातीच्या वासाचा वारा काकांच्या तोंडावर आला. त्यांचा चष्मा धुक्यानं भरला. त्यांनी तो काढून हातात घेतला, आणि त्या अंधुक उजेडात समोर तीन उंच, सडसडीत, कड्याकड्यांची खोडं उभी दिसली. काकांचे पाय जागच्या जागी थांबले. वर्षभर जे डोळे मिटल्यावर दिसत होतं ते डोळे उघडे असताना दिसत होतं, आणि काचेपलीकडे पानगळ झालेली झाडं आणि बर्फाची वाट पाहणारं आभाळ होतं. त्यांनी जाऊन मधल्या खोडावर तळहात ठेवला. कडी बोटांना ओळखीची लागली. "पोफळी," ते म्हणाले, आणि दुसरा तळहातही खोडावर ठेवला.

राधिकानं समजावलं की ही पोफळ नव्हे. हिचं नाव असाई. दक्षिण अमेरिकेतली, ब्राझीलकडची. मोठ्या नद्यांच्या मुखाशी, भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत वाढते. जांभळासारखी काळी फळं येतात, तिथले लोक त्यांचा घट्ट रस काढून रोज जेवतात. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खरंच, पानं वेगळी होती. कंगव्याचे दात ओले होऊन लोंबावेत तशी खाली लोंबत होती. पण खोड तेच होतं, उभं राहण्याची ऐट तीच होती.

"कुळ एकच ना?" त्यांनी विचारलं.

"कुळ एकच, काका."

"मग झालं. चुलत असली तरी घरातलीच."

काचघराची मुख्य माळीण डोरीन नावाची साठीची बाई होती. रुंद हातांची, कमी बोलणारी. तिनं काकांचे हात पाहिले, त्यांनी वाळकं पान खोडाला इजा न करता कसं उतरवलं ते पाहिलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावला. पानं पुसायची, वाळकी झावळी उतरवायची, वाफ्यातलं तण काढायचं. दाराशी एक वही होती. तीत तारीख, नाव आणि केलेलं काम लिहायचं. शेवटी डोरीन सही करी. बुधवारी शैलजा ऑफिसला जाताना काकांना सोडायची, शनिवारी राधिका न्यायची. काचघरात पोचवून ती वर प्रयोगशाळेत जाई आणि दोन तासांनी खाली येई. काकांनी सामानातून धोतरात गुंडाळून आणलेली आखूड मुठीची कोयती बाहेर काढली. डोरीननं ती हातात घेऊन धार पाहिली आणि आदरानं परत दिली.

घरात बदल झाला. काका रात्रीच्या जेवणाला बोलू लागले. नात स्वानंदी नऊ वर्षांची होती. ती म्हणे, "आजोबा, यू स्मेल लाइक अ जंगल," आणि काकांना ते कुठल्याही पदकापेक्षा मोठं वाटे. माणसाला आपली गरज कुठंतरी आहे हे कळलं की त्याचा पाठीचा कणा सरळ होतो. काकांचा झाला.

डिसेंबरच्या एका शनिवारी मधल्या झाडाच्या बुंध्याशी, पालापाचोळ्याच्या थराखाली, त्यांना एक टोक दिसलं. पोपटाच्या चोचीएवढं, लालसर हिरवं. त्यांनी माती बाजूला केली. रोप नव्हतं, सुपारी तर अजून धरलीच नव्हती. हे थेट खोडाच्या अंगातून निघालं होतं, केळीच्या पिल्लासारखं. पोफळीला पिल्लं येत नाहीत. हे काकांना आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हे बांडगूळ म्हणा, व्याधी म्हणा, काहीतरी वावगंच होतं. तीनही झाडांची खोडं अशी बारीक का, हे कोडं त्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी कोयतीचं टोक मातीखाली घालून पिल्लू मुळापासून उडवलं, माती पुन्हा दाबली, वर पाचोळा सारखा केला. काम इतकं सफाईदार होतं की त्यांचं त्यांनाच समाधान वाटलं. वहीत त्यांनी कॉन्व्हेंटच्या मुलीसारख्या वळणदार इंग्रजीत लिहिलं: बुंधा साफ केला. डोरीननं खाली सही केली.

त्यानंतर ते दर बुधवारी आणि दर शनिवारी आधी बुंधे पाहत. कधी एक टोक मिळे, कधी तीन. खिडकीजवळच्या झाडाला जास्त, सावलीतल्याला कमी. काहीच मिळालं नाही तर त्यांना थोडी हुरहूर लागे, कामाविना परत जावं लागणार म्हणून.

राधिका त्याच झाडांवर काम करत होती हे त्यांना माहीत होतं. उजेडावर काहीतरी आहे, असं तिनं सांगितलं होतं, आणि झाडांच्या मध्ये उजेड मोजायच्या छोट्या डब्या टांगलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. याहून जास्त त्यांनी विचारलं नाही. २००५ चं सगळं वर्ष ती शुक्रवारी जेवताना म्हणायची, "अजून काहीच नाही यार, एकसुद्धा नाही." केदार तिला चिडवायचा की तुझी झाडं अमेरिकन झाली, पगाराशिवाय काम करत नाहीत. काकांना वाटे, ती फुलोऱ्याची वाट बघतेय. ते तिच्या पानात आणखी एक पोळी घालत आणि धीर देत की झाड आपल्या वेळेनं देतं, आपण घाई करू नये. मनात म्हणत, मी आहे, मी बुंधे साफ ठेवतोय, येईल फुलोरा.

वर्ष सरता सरता राधिकाचा सूर बदलला. तिच्या प्राध्यापकांना आता त्या "काहीच नाही"मध्येच रस वाटू लागला होता. तिचं टिपण एका परिषदेत स्वीकारलं गेलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला तिथं उभं राहून बोलायचं होतं, आणि त्याच निकालावर प्रबंध लिहून मे महिन्यात पदवी घ्यायची होती. नागपूरला आईनं पेढ्यांचं ठरवून टाकलं होतं.

७ एप्रिल २००६, शुक्रवार. जेवणं झाल्यावर शैलजानं सुचवलं की राधिकानं भाषणाची तालीम इथंच करावी. केदारनं ऑफिसातून प्रोजेक्टर आणला होता. दिवाणखान्याच्या भिंतीवरचं चित्र उतरवलं, पडदे ओढले. काका खुर्चीत बसले, हातात अडकित्ता आणि सुपारी. "मराठीत सांग गं," केदार म्हणाला, "बाबांची झाडं आहेत ती."

पहिलं चित्र आलं आणि काका सुपारी कातरायचे थांबले.

भिंतीवर नदी होती, गढूळ, रुंद, आणि काठावर चिखलात असाईची बेटं उभी होती. बेटंच. एका बुंध्यातून वीस-वीस खोडं, आई, लेकी, नाती एकाच पायावर, कुणी आभाळाला लागलेली, कुणी गुडघ्याएवढी, कुणी नुकतं टोक काढलेली. राधिका सांगत होती की या ताडाचा स्वभावच असा. याला एकटं राहता येत नाही. तिथले लोक उंच झालेलं खोड तोडतात, फळं आणि आतला कोवळा गाभा घेतात, आणि बुंध्याशी आलेली पिल्लं मोठी होऊन त्याची जागा घेतात. म्हणून ते झाड मरत नाही. त्याचा सगळा जीव बुंध्याशी असतो.

काकांनी ते टोक ओळखलं. पोपटाच्या चोचीएवढं, लालसर हिरवं. भिंतीवर ते हातभर मोठं दिसत होतं.

पुढचं चित्र काचघराचं होतं. राधिका म्हणाली की २००४ च्या जुलैत ही तीन झाडं पिंपांतून काढून जमिनीत लावली, तेव्हा आजूबाजूची जुनी पिल्लं काढून प्रत्येकाचं एकच खोड ठेवलं होतं. प्रश्न साधा होता: वर्षभर उजेड कमीजास्त होतो तशी कधी किती नवीन पिल्लं येतात? जानेवारी २००५ पासून दर सोमवारी सकाळी तिनं तीनही बुंधे मोजले. मग तिनं आलेख दाखवला. पंधरा महिने. आडवी एक रेघ, अगदी तळाला चिकटलेली. शून्य, शून्य, शून्य. इतक्या उत्तरेला, हिवाळ्याच्या इतक्या अपुऱ्या उजेडात हा ताड पिल्लं देणंच बंद करतो, असा तिचा निष्कर्ष होता. असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

शैलजानं टाळ्या वाजवल्या. केदार म्हणाला की शून्यासाठी मास्टर्स मिळवणारी तू पहिलीच.

शेवटच्या चित्रावर आभाराची नावं होती. प्राध्यापक, डोरीन, आणि तिसरं नाव: जगन्नाथकाका, ज्यांनी वाफा स्वच्छ ठेवला.

काकांच्या अडकित्त्यात अर्धी चिरलेली सुपारी तशीच होती. स्वानंदीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आजोबा, आर यू ओके?" त्यांनी मान हलवली. राधिका हसत त्यांच्याकडे बघत होती, कौतुकाच्या अपेक्षेनं. काका म्हणाले, छान बोललीस, आणि आपल्या खोलीत गेले. दिवाणखान्यात आइस्क्रीम काढल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, आत्ता बाहेर जावं आणि सांगावं. पण सांगायचं काय? की पंधरा महिने तू जे मोजत होतीस ते मी दोन दिवस आधी येऊन पुसत होतो? मंगळवारी तिचं विमान होतं. गप्प राहिलं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. ती पदवी घेईल, आई पेढे वाटेल, आणि जगातल्या पुस्तकांत कुठंतरी एक ओळ छापली जाईल की हे झाड इथं पिल्लं देत नाही. आणि झाड मात्र खाली मातीत पुन्हा पुन्हा टोक काढत राहील.

शनिवारी सकाळी राधिका नेहमीसारखी गाडी घेऊन आली. वाटेत ती भाषणाबद्दल बोलत होती. काका खिडकीबाहेर बघत होते. काचघराच्या दाराशी ती वर जायला वळली तेव्हा काका म्हणाले, "राधिका, वर जाऊ नकोस. माझ्याबरोबर ये."

ते मधल्या झाडाशी उकिडवे बसले. पाचोळा बाजूला केला. बुधवारी ते आले होते, म्हणून आज फार काही नसेल असं त्यांना वाटलं होतं. पण एक टोक होतं. नखाएवढं, ओलं, चकाकणारं. त्यांनी बोट त्याच्या शेजारी ठेवलं.

"हे बघ."

राधिका गुडघ्यांवर बसली. तिनं ते पाहिलं. तिच्या तोंडावर आधी आनंद आला, मग गोंधळ. "आत्ता आलं? सोमवारी तर इथं..."

"आत्ता नाही. नेहमी येतं," काका म्हणाले. "मी काढत होतो."

काचेवरून पाण्याचा एक थेंब खाली पानावर पडला, मग दुसरा. राधिका त्यांच्याकडे बघत होती, पण तिचे डोळे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

"काका, मी दर सोमवारी इथंच बसत होते."

"मी दर शनिवारी."

"का?"

त्यांनी सांगितलं. वडिलांचं वाक्य सांगितलं, केळीच्या पिल्लाचं सांगितलं, पोफळीला असं काही येत नाही हे सांगितलं. स्वतःच्याच कानांना ते लहान मुलाच्या सबबीसारखं वाटलं. राधिका उठली, हत्यारांच्या कपाटातून एक रंगाचा ब्रश घेऊन आली आणि बुंध्याभोवतीची माती हळूहळू झाडू लागली. माती सरकली तशी खोडावर एक गोल खूण दिसली, बोटाच्या पेराएवढी, वाळलेली, कडा सरळ कापलेल्या. मग तिच्या शेजारी दुसरी. मग दोन एकत्र. ती मोठ्यानं मोजत होती. प्रत्येक आकड्याला काकांना आपल्या मनगटातली हालचाल आठवत होती. इतक्या सुबक जखमा दुसऱ्या कुणाच्या हातून झाल्याच नसत्या. एकोणीसवर राधिकानं ब्रश खाली ठेवला. अजून अर्धाच बुंधा झाडून झाला होता.

"एकूण किती असतील?" तिनं विचारलं. "तिन्हीचे? तारखा आठवतात?"

"तण कोण मोजतं गं," काका म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

डोरीन आवाज ऐकून आली. राधिकानं तिला इंग्रजीत सांगितलं, चार वाक्यांत. डोरीन दाराकडे गेली आणि वही घेऊन आली. तिनं पानं उलटली. बुंधा साफ केला. बुंधा साफ केला. प्रत्येक ओळीखाली तिचीच सही होती. ती आपल्याच सह्यांवरून अंगठा फिरवत राहिली. काहीच लपवलेलं नव्हतं. पंधरा महिने ते दाराशी टांगलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. दर वेळी वाचून तिला बरं वाटत होतं की एक माणूस तरी काम नेटकं करतो.

काकांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि वहीवर ठेवला. कुणी "राहू द्या" म्हणालं नाही.

राधिकानं त्याच दुपारी प्राध्यापकांना फोन केला. भाषण कॅन्सल केलं. पदवी मे महिन्यातून पुढच्या वर्षावर गेली. कापलेल्या खुणांवरून काही सिद्ध करता येतं का हे तिनं प्राध्यापकांना विचारून पाहिलं. ते म्हणाले की किती आली हे सांगता येईल, कधी आली हे नाही, आणि प्रश्न तर "कधी"चाच होता. हे सगळं घरी केदारकडून कळलं, कारण राधिका शुक्रवारी येईनाशी झाली. तिच्या आईनं नागपूरहून केदारला फोन केला आणि फार सौम्यपणे विचारलं की काकांची तब्येत बरी आहे ना. तो सौम्यपणा काकांना शिवीपेक्षा लागला.

"बाबा, तुम्ही एकदा विचारायचं तरी," केदार म्हणाला.

"मनीप्लँटच्या वेळी मी हेच म्हटलं होतं," शैलजा म्हणाली, आणि मग सासऱ्यांचा चेहरा पाहून उठून आत गेली.

काका घरात बसून राहिले. सुपारी कातरायचं त्यांनी सोडलं. एका दुपारी शैलजानं दुकानातून जांभळ्या रसाची एक बाटली आणली. तब्येतीला चांगला म्हणून तेव्हा तो नव्यानं मिळायला लागला होता. लेबलावर असाईच्या बेटाचं चित्र होतं. तिच्या ध्यानात आलं नव्हतं. काकांनी बाटली फिरवून चित्राची बाजू भिंतीकडे केली. श्रीवर्धनला पुतण्याला फोन लावून त्यांनी एकदा विचारलं की वाडी कशी आहे. पुतण्या म्हणाला, काका, बुंधे साफ ठेवतो, तुम्ही शिकवलंत तसे. काकांनी बरं म्हणून फोन ठेवला. तिथं ते बरोबरच होतं. त्यांचं जन्मभराचं शहाणपण खोटं नव्हतं. फक्त ते जिथं शिकले त्या बेड्याच्या आत खरं होतं. सत्तरीनंतर माणसाला हे कळावं, तेही दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान करून, याचा धक्का त्यांच्या अंगातून जाईना.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दाराची घंटा वाजली. राधिका उभी होती. बारीक झाली होती. आत न येता तिनं सांगितलं की काम पुन्हा सुरू केलंय, पहिल्या दिवसापासून. आता तिला शिकवायचंही काम लागलंय, दर दोन दिवसांनी बुंधे बघायला जमत नाही, आणि नव्या मुलांना ते नखाएवढं टोक मातीत दिसतच नाही. काकांना ते दिसतं.

"मोजायचं आणि लिहायचं," ती म्हणाली. "तारीख, झाड, किती, उंची. हात लावायचा नाही. कोयती घरी ठेवायची."

काकांनी वहाणा सरकवल्या.

डोरीननं बिल्ला खणातून काढून दिला. तिनं तो त्यांच्या हातात दिला, छातीवर लावला नाही. काकांनी स्वतः लावला. नव्या वहीत ते लिहू लागले: मधलं झाड, दोन, एक बोट उंच. खिडकीजवळचं, तीन. सावलीतलं, नाही. हात त्यांनी पाठीशी धरायची सवय लावली, उजवं मनगट डाव्या हातात, कारण टोक दिसलं की उजवा हात आपोआप पुढे जाई. सोमवारी राधिका स्वतः मोजून पडताळे. ती शुक्रवारी पुन्हा येऊ लागली, तीही एकदम नाही. आधी महिन्यातून एकदा, मग दोनदा.

१० फेब्रुवारी २००७, शनिवार. बाहेर कडाक्याची थंडी होती. काचेच्या कडांवर आतून पाणी आणि बाहेरून बर्फ. खिडकीजवळच्या झाडाशी काका उकिडवे बसले आणि मोजता मोजता थांबले. पुन्हा मोजलं. मग राधिकाला हाक मारली. एका बुंध्याशी अकरा. काही कमरेएवढी झाली होती आणि त्यांनी पानं उघडली होती. थोरलं खोड त्यांच्यामध्ये उभं होतं, आणि ते काही बारीक झालं नव्हतं. उलट गेल्या वर्षीपेक्षा जाड दिसत होतं. इतक्यांना घास घालूनही ते उपाशी नव्हतं. हे त्यांच्या वडिलांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला बेड्याबाहेर काढलं असतं.

राधिकानं अकराचा आकडा लिहून घेतला. ती उठायला लागली तेव्हा काकांनी वाफ्याच्या कडेला बोट दाखवलं. दोन विटांच्या फटीत एक लहानसं, दोन पानांचं काहीतरी हिरवं उगवलं होतं.

"राधिका," ते म्हणाले, "हे काढू का?"

ती वाकली, पान उलटून पाहिलं, आणि त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा पूर्वीसारखी हसली. ते साधं तण होतं, कुठल्याही अंगणात उगवतं तसलं.

"काढा, काका."

त्यांनी चिमटीत धरून ते मुळासकट उपटलं, आणि वहीत लिहिलं: तण, एक. विचारून काढलं.